लॉट नदीच्या कांठच्या खडीवाटा



आज मला ज्या विषयावर चार शब्द सांगावयाचे आहेत, तो कित्येकांस थोडासा चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. फ्रान्स देश म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें पॅरिसचे भव्य राजमार्ग, आयफेलचा मनोरा आणि डांबरी रस्त्यांवरून वाऱ्याच्या वेगानें धांवणारे सायकलस्वारांचे जथे उभे राहतात. मी ज्या रस्त्यांविषयीं बोलणार आहें, ते यांपैकीं कशांतच बसत नाहींत. ते आहेत खेड्यापाड्यांतले, खडीचे, मातीचे आणि दगडगोट्यांचे रस्ते. त्यांवरून बैलगाड्या गेल्या, खेंचरें गेलीं, नावा ओढणारे मजूर गेले, यात्रेकरू गेले. आणि आतां त्यांवरून सायकली जाऊं लागल्या आहेत.

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत लॉट नांवाची नदी आहे. तिच्या आणि तिच्या सेले नांवाच्या उपनदीच्या खोऱ्यांतून मीं गेल्या वर्षीं सप्टेंबर महिन्यांत तीन दिवस सायकलीवरून प्रवास केला. माझी कन्या व जांवई तूलूझ शहरीं नोकरीनिमित्त राहतात. त्यांच्यामुळें हा योग आला. माझें वय सहासष्ट आहे व सारा जन्म खेड्यांतील शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेला आहे. तेव्हां या भाषणांत पराक्रमाची अपेक्षा कोणीं ठेवूं नये. जें पाहिलें व त्यावरून जें मनांत आलें, तेवढेंच सांगणार आहें.

प्रथम वाहनाविषयीं. ज्या सायकलीला हल्लीं सर्वत्र 'ग्रॅव्हल बाइक' म्हणतात, ती दिसावयास शर्यतीच्या सायकलीसारखी असते. हॅन्डल तसेंच खालीं वळलेलें, सांगाडा तसाच हलका. फरक आहे तो चाकांत. शर्यतीच्या सायकलीचा टायर २५ ते ३० मिलिमीटर रुंद. हिचा ४० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही रुंद, आणि त्यावर बारीक उंचवटे काढलेले. त्यांत हवा थोडी कमी भरावयाची. म्हणजे खडा लागला तरी टायर त्याला पोटांत घेऊन पुढें जातो. ब्रेक चाकाच्या कडेवर न बसतां आंसाजवळच्या पोलादी तबकडीवर बसतात, त्यामुळें चिखलांतही ते धरतात.

'ग्रॅव्हल' या शब्दाची कथा मोठी मौजेची आहे. हल्लींच्या फ्रेंच लोकांनीं हा शब्द इंग्रजींतून घेतला. परंतु इंग्रजांनीं तो कित्येक शतकांपूर्वीं जुन्या फ्रेंच भाषेंतूनच उचलला होता. तेथें त्याचा अर्थ वाळूगोट्यांचा कांठ असा होता. लेक सासरीं जाऊन, तिकडचा पेहराव करून पुन्हां माहेरीं आली आणि माहेरच्या माणसांनीं तिला पाहुणी समजून पाट दिला, असाच हा प्रकार झाला!

वस्तूचेंही तसेंच आहे. अमेरिकेंतील कॅन्सस प्रांताच्या खडीच्या रस्त्यांवर २००६ सालीं सुरू झालेली शर्यत पुढें फार गाजली. २०२२ सालीं इटलींत आंतरराष्ट्रीय सायकल संघानें या प्रकारची पहिली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा भरविली. म्हणून लोक हा खेळ नवा समजतात. परंतु डांबर येण्यापूर्वी जगांतील प्रत्येक सायकल ही खडीचीच सायकल होती. १८९१ सालीं शार्ल तेरों या स्वारानें पॅरिसहून ब्रेस्ट बंदरापर्यंत जाऊन परत येण्याची सुमारें १,२०० किलोमीटरांची शर्यत मिशलिन बंधूंच्या काढतां-घालतां येणाऱ्या हवेच्या टायरांवर जिंकली, तेव्हां त्याच्या वाटेवर डांबर नव्हतें. सें-एतिएन शहरांत पॉल द व्हिव्ही या नांवाचे एक गृहस्थ होऊन गेले. 'व्हेलोसियो' या टोपणनांवानें ते प्रसिद्ध आहेत. त्यांनीं १८८७ सालीं सायकलीच्या विषयाला वाहिलेलें नियतकालिक काढलें, आणि चढावर उपयोगी पडावेत म्हणून सायकलीला लहानमोठे अनेक दंतचक्र असावेत, यासाठीं जन्मभर खटपट केली. शर्यतवाल्यांना ती सोय कमीपणाची वाटे. 'टूर द फ्रान्स' या सुप्रसिद्ध शर्यतींत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारें यंत्र वापरण्याची मोकळीक १९३७ सालीं मिळाली. आज माझ्यासारखा वृद्ध मनुष्य डोंगर चढूं शकतो, तो या गृहस्थांच्या चिकाटीमुळें. मी स्वतः तीस वर्षें काळ्या, जड, चोवीस इंची सायकलीवरून गाडीवाटेनें शाळेंत जात-येत असें. त्या सायकलीला एकच चक्र होतें, आणि चढ आला कीं खालीं उतरणें हाच तिचा दुसरा गिअर.

आतां प्रदेशाकडे वळूं. लॉट नदी लोझेरच्या डोंगराळ मुलखांत उगम पावते आणि सुमारें ४८० किलोमीटर पश्चिमेकडे वाहून एग्वियों गांवाजवळ गारोन नदीस मिळते. तिचा स्वभाव मोठा वळणाचा; सरळ जाणें तिला ठाऊकच नाहीं. काओर शहराला तर तिनें तीन बाजूंनीं वेढा घालून जवळजवळ बेट करून टाकलें आहे. या मुलखाचें जुनें नांव केर्सी. हा सारा चुनखडीचा प्रदेश आहे. वर सपाट, उघडीं, पाण्याला पारखीं झालेलीं पठारें आहेत, त्यांना तेथील लोक 'कोस' म्हणतात. आणि त्यांना कापीत खोल गेलेली नदीची हिरवी दरी. पठाराची उंची समुद्रसपाटीपासून तीनशें ते चारशें मीटर; दरीचा तळ त्याहून सुमारें दोनशें मीटर खालीं. सायकलस्वाराच्या भाषेंत सांगावयाचें तर नदीकांठीं विसावा आणि पठारावर चढतांना परीक्षा.

आमचा मार्ग सुमारें १३० किलोमीटरांचा होता. तूलूझहून दोन-अडीच तास आगगाडीनें गेलें म्हणजे फिझाक गांव लागतें. गाडींत सायकल बरोबर नेतां येते. फिझाक हें शांपोलियोंचें जन्मगांव. इजिप्तच्या प्राचीन चित्रलिपीचें कोडें ज्यानें १८२२ सालीं सोडविलें, तो हा पंडित १७९० सालीं येथील एका पुस्तकविक्रेत्याच्या घरीं जन्मला. गांवांतील एका लहानशा चौकांत रोझेटा येथील शिलालेखाची प्रचंड काळी प्रतिकृति फरसबंदीसारखी जमिनीवर बसविली आहे, आणि शाळकरी मुलें त्या अक्षरांवरून खुशाल धांवत असतात. विद्येचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाहीं.

फिझाकपासून काब्रेरे गांवापर्यंत सेले नदीची दरी सुमारें चाळीस किलोमीटर आहे. दरींतून एक अरुंद डांबरी रस्ता जातो. परंतु त्याला समांतर, कधीं कुरणांतून, कधीं अक्रोडांच्या झाडांखालून, तर कधीं एकदम कड्यावर चढून जाणाऱ्या अनेक खडीवाटा आहेत. एस्पान्याक येथें जुना मठ, मार्सियाक येथें अर्धें छप्पर कोसळलेलें, तरी अर्ध्या भागांत पूजाअर्चा चालणारें मोठें देवालय. वर कड्यांच्या कपारींत भिंती बांधून केलेले आसरे दिसतात. त्यांना लोक 'इंग्रजांचे किल्ले' म्हणतात. १३३७ पासून १४५३ पर्यंत चाललेल्या शतवार्षिक युद्धाची ती आठवण. पांचशें वर्षें उलटून गेलीं, तरी गांवकऱ्यांच्या तोंडीं तेंच नांव आहे.

काब्रेरेच्या वर पेश मेर्लची गुहा आहे. १९२२ सालीं दोन पोरांनीं, आंद्रे दाव्हिद व आंरी द्युतेर्त्र यांनीं, अंगानें सरपटत जाऊन हिच्यांतील चित्रें शोधून काढलीं. या भागांतील गुहांचा शोध घेणारे गांवचे धर्मगुरु लमोझी यांनीं मुलांच्या मनांत ही गोडी उत्पन्न केली होती. आंतल्या भिंतीवर अंगभर ठिपके असलेले दोन घोडे आहेत. त्यांचें वय सुमारें २९,००० वर्षें ठरविण्यांत आलें आहे. चित्रांइतकेंच मला खिळवून ठेविलें तें एका चिखलांत उमटून दगड झालेल्या पावलांच्या ठशांनीं. तें पाऊल मोठ्या माणसाचें नव्हे, एका किशोराचें आहे. वाटेचा इतिहास सांगावयाचा तर पहिलें पान हेंच.

येथून थोडें खालीं सेले लॉट नदीस मिळते, आणि बूझिएस गांवाजवळ या साऱ्या प्रवासांतील अत्यंत विलक्षण वाट लागते. येथें कडा सरळ पाण्यांत उतरलेला आहे. कांठ म्हणून नाहींच. पूर्वी या नदींतून चपट्या तळाच्या मालवाहू नावा चालत. त्यांना 'गाबार' म्हणत. काओरची काळसर तांबडी द्राक्षमदिरा, वरच्या अंगाच्या खाणींतला कोळसा, लांकूड असा माल भरून त्या बोर्दो बंदराच्या रोखानें जात. प्रवाहाबरोबर जातांना काम सोपें. परंतु परत येतांना नाव दोरखंडानें ओढून आणावी लागे. ओढणारीं माणसें व घोडे कांठानें चालत. जेथें कांठच नाहीं तेथें त्यांनीं चालावें कोठून? म्हणून १८४० नंतरच्या दशकांत या कड्याच्या पोटांतच वाट खोदून काढली. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला आणि डोक्यावर खडक. छिन्नीचे घाव अजून स्पष्ट दिसतात. आपल्याकडील लेण्यांतून फिरलेल्या माणसास ते घाव ओळखीचे वाटतात. मात्र येथील पाषाण देवासाठीं खोदलेला नाहीं, मजुराच्या पायासाठीं खोदलेला आहे.

एवढ्या खटपटीचें फळ किती वर्षें मिळालें? १८८६ सालीं काओरहून कापदनाककडे जाणारा लोहमार्ग याच दरींतून सुरू झाला. नावांचा धंदा बसत गेला आणि १९२६ सालीं सरकारनें लॉट नदीचें नांव जलमार्गांच्या यादींतून काढून टाकलें. पुढें मोटारी वाढल्या आणि त्या लोहमार्गावरील उतारूंची नित्य वाहतूकही बंद पडली. नावेला आगगाडीनें मारलें, आगगाडीला मोटारीनें मारलें. आणि यांपैकीं कोणाचेंच काम जिच्याशीं उरलें नाहीं, ती कड्यांतली वाट मात्र जिवंत आहे. कारण तिच्यावरून अजून माणसें चालत आहेत. या वाटेवर सायकलीवरून उतरून ती हातानें ढकलीत न्यावी. वाट अरुंद आहे व पायीं जाणारांची गर्दी असते.

पुढें कड्यावर सें-सिर-लापोपी हें गांव आहे. वस्ती दोनशेंच्या आसपास, घरें मध्ययुगांतलीं. येथील कारागीर पूर्वीं बॉक्स नांवाच्या कठीण लांकडाच्या तोट्या कांतीत. त्या तोट्या द्राक्षमदिरेच्या पिंपांना बसवीत. म्हणजे नदींत नाव, नावेंत पीप, पिंपाला तोटी आणि तोटीच्या मागें हें गांव! एका व्यापाराच्या दोरीला किती घरें बांधलेलीं असतात, याचा धडा मुलांना शिकवावयाचा झाला तर याहून चांगलें उदाहरण मिळणार नाहीं.

येथून वाट पठारावर चढते. दोनशें मीटरांचा चढ, पायांखालीं सुट्या दगडांचा खच. मागील चाक घसरूं लागलें म्हणजे उभें राहून जोर करूं नये. बसूनच, लहान दांत्यावर, संथपणें पायटे मारावे. वर आलें कीं जग बदलतें. खुरट्या ओकांचीं रानें, जुनिपरचीं झुडपें, मैलोगणती पसरलेल्या चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती, आणि मधून मधून तशाच दगडांच्या, घुमटाकार छपराच्या लहानशा झोपड्या. शेतांतले दगड वेंचून बाजूला करावयाचे, त्यांचीच भिंत घालावयाची, उरले तर त्यांचीच झोपडी बांधावयाची. हा शेकडों वर्षांचा उद्योग. पाऊस पडतो, पण पाणी चुनखडींत जिरून जातें; वर ओढा नाहीं कीं नाला नाहीं. म्हणून लिमोन्यच्या परिसरांतील गांवांनीं पाणी सांठवून फुलपांखराच्या पंखांसारखे उतरते दगड बसविलेलीं धुण्याचीं ठिकाणें बांधलीं. ओणवें न होतां बायांना समोरासमोर उभें राहून कपडे धुतां येत. तीं आज ओस आहेत, परंतु दगड झिजलेले आहेत, आणि ती झीज पाहून तेथील गजबज कानांत येते. या पठारावरील मेंढ्याही पाहण्यासारख्या. अंग पांढरें, कान काळे आणि डोळ्यांभोंवतीं काळीं वर्तुळें. सारा कळप चष्मा लावून बसल्यासारखा दिसतो.

लिमोन्यकडून काओरकडे उतरतांना एक जुनी, सरळ, दोहों बाजूंनीं भिंती असलेली वाट लागते. तिला 'कामी गास्क' म्हणतात. ती रोमन काळापासूनची आहे असें मानतात. स्पेनमधील सांतियागो क्षेत्राकडे पायीं जाणारे यात्रेकरू आजही तिच्यावरून जातात. पाठीवर बोचकें, हातीं काठी, पिशवीला बांधलेला शिंपला. आपल्या वारकऱ्याला जसा वाटेंत 'माउली' म्हणून हात जोडावा, तसा त्यांना 'बोंझूर' म्हणून रस्ता द्यावा. घंटा दुरून वाजवावी. शेवटीं काओर येतें आणि वालांत्रे पुलाचे तीन उंच बुरूज दिसतात. पुलाचें काम १३०८ सालीं सुरू झालें व पुरें होण्यास कित्येक दशकें लागलीं. एवढा विलंब झाल्यावर लोकांनीं सैतानाची कथा रचली नसती तरच नवल. बांधणारानें सैतानाशीं करार केला आणि शेवटीं त्याला चाळणींतून पाणी आणावयास सांगून फसविलें. त्या रागानें सैतान बुरुजाचा एक दगड नेहमीं काढून टाकी. १८७९ सालीं दुरुस्ती करणाऱ्या वास्तुकारानें तेथें सैतानाचीच मूर्ति कोरलेला दगड बसवून टाकला. तेव्हांपासून तो दगड जागेवर आहे!

जे कोणी अशा प्रवासास जातील त्यांच्यासाठीं दोन-चार सूचना. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टांत पठार तापतें. पाणी भरपूर घ्यावें. वाटेंत संपल्यास गांवाच्या स्मशानभूमीजवळ बहुधा नळ असतो. मात्र पाणी पिण्यास अयोग्य अशी पाटी नाहीं ना, तें पाहावें. खेड्यांतील दुकानें दुपारीं बंद असतात. म्हणून पाव व फळें सकाळींच घेऊन ठेवावीं. सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम सुरू होतो. रानांतून जातांना भडक रंगाचा कपडा अंगांत असावा आणि शिकार चालू असल्याची पाटी दिसल्यास दुसरी वाट धरावी. कुरणाचें फाटक उघडल्यास मागें लावून घ्यावें. सरकारी भूगोलसंस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा जवळ ठेवावा. त्यांत चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि पाऊलवाटसुद्धां दाखविलेली असते.

परंतु नकाशांतली प्रत्येक वाट जमिनीवर असतेच असें नाहीं, आणि आजच्या भाषणाचा खरा मुद्दा येथेंच आहे. १८५१ सालीं लॉट प्रांताची लोकसंख्या तीन लाखांच्या जवळपास होती. पुढें द्राक्षवेलींवर कीड पडली, मळे वाळले, तरुण मंडळी शहरांत गेली, पहिल्या महायुद्धांत पुष्कळ कामास आलीं. १९६० च्या सुमारास वस्ती दीड लाखांवर आली. आज ती पावणेदोन लाखांच्या आसपास आहे. माणसें गेलीं कीं वाटा काट्यांनीं भरतात. या वाटा कांहीं आकाशांतून पडल्या नव्हत्या. १८३६ च्या कायद्यानें गांवरस्त्यांच्या कामासाठीं प्रत्येक कुटुंबाकडून वर्षांतून तीन दिवसांपर्यंत श्रम, गाडी व जनावर घेण्याची मुभा गांवांना दिली होती. आजच्या खडीवाटेखालीं त्या शेतकऱ्यांचे ते दिवस पुरलेले आहेत.

तेथील कायद्याप्रमाणें अशी ग्रामीण वाट गांवाच्या मालकीची असते, पण ती लोकांच्या वापरासाठीं असते. लोक ती वापरीत आहेत, हाच तिच्या अस्तित्वाचा मुख्य पुरावा. वापर थांबला, तर जाहीर चौकशी करून गांवचें निर्वाचित मंडळ ती विकूं शकतें. आणि शेजाऱ्यानें तीस वर्षें बिनबोभाट आपल्या कब्जांत ठेविली, तर ती त्याचीच होण्याचाही धोका असतो. १९८३ च्या कायद्यानें प्रांतांनीं सहलीच्या वाटांची यादी करावी असें ठरलें. यादींतली वाट तोडावयाची झाल्यास तिच्या बदल्यांत दुसरी द्यावी लागते. २०२२ च्या कायद्यानें आणखी एक सोय केली: गांवानें आपल्या वाटांची मोजदाद करण्याचा ठराव केला कीं ती कब्जाची मुदत तूर्त थांबते.

हें सारें मला पुस्तकांतून कळलें असतें तर मीं तें विसरूनही गेलों असतों. पठारावरील एका खेड्यांत आम्ही पाण्यासाठीं थांबलों. ग्रामकचेरीच्या फळ्यावर एक कागद डकविलेला होता. गांवाबाहेरील एका वाटेचा तुकडा विकण्याचें घाटत होतें, आणि त्यासाठीं पंधरा दिवस चौकशी चालू होती. तेथें बांकावर ऐंशीच्या घरांतले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनीं विचारलें, "आपण कोणत्या वाटेनें आलांत?" जांवयांनीं हातानें दाखविलें. म्हातारबाबा ताडकन् उठले. "म्हणजे त्याच वाटेनें! माझा आजा त्या वाटेनें धान्य दळावयास नेई. आतां म्हणतात, तिथून कोणी जात नाहीं. आपण गेलांत कीं नाहीं? मग आंत चला आणि वहींत लिहा."

आम्ही परके, दोन दिवसांचे पाहुणे. आमच्या शब्दाला काय किंमत, असें मीं कन्येकडून विचारविलें. ते म्हणाले, "वाट विचारीत नाहीं, पाय कोणाचा आहे म्हणून." कचेरींतील बाईनें वही पुढें केली. जाहीर चौकशींत कोणालाही आपलें म्हणणें लिहितां येतें. माझ्या कन्येनें फ्रेंच भाषेंत दिनांक घालून लिहिलें कीं, आम्ही तिघे आज सकाळीं या वाटेनें सायकलीवरून आलों, वाट जाण्याजोगी आहे, एके ठिकाणीं काटेरी झुडपें तोडलीं पाहिजेत. तिनें व जांवयांनीं सह्या केल्या. मींही खालीं सही केली, ती देवनागरींत. म्हातारबाबांनीं ती अक्षरें बराच वेळ न्याहाळलीं व समाधानानें मान हलविली. त्या वहींत त्यांच्या स्वतःच्या अक्षरांत एक संपूर्ण पान भरलेलें होतें.

सायकलीनें वाटा बिघडत नाहींत असें मात्र नव्हे. पावसांत ओल्या मातींत खोल चाकोऱ्या पडतात. भरधांव जाणारा स्वार मेंढ्यांचा कळप उधळून देतो. रविवारीं वीस-वीस जणांचें टोळकें आलें कीं शेतकरी कंटाळतो. वहिवाटीचा हक्क असला तरी तिची मर्यादाही असते. ज्याच्या दारावरून आपण जातों त्याला आपलें जाणें नकोसें झालें, तर कायद्याचें कलम वाटेला फार दिवस तारूं शकणार नाहीं. सावकाश जाणारा, रामराम करणारा, गांवच्या दुकानांत दोन पैसे खर्च करणारा प्रवासी हाच वाटेचा खरा रखवालदार होय.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाहीं. पाणंद बुजली, बांधावरची वाट नांगरली, गाडीवाटेवर कुंपण आलें, अशा तक्रारी प्रत्येक तालुक्याच्या कचेरींत आहेत. अडविलेल्या वाटेसाठीं मामलेदाराकडे दाद मागण्याची तरतूद १९०६ च्या कायद्यांत आहे. परंतु दाद मागणारानें प्रथम हें दाखवावें लागतें कीं, या वाटेनें आम्ही जात होतों. आपल्या भाषेला हें तत्त्व कायद्याच्या आधींपासून ठाऊक आहे. वाट 'मळते', असें आपण म्हणतों, आणि वाट 'मोडते', असेंही म्हणतों. वापरल्यानें वस्त्र मळतें तेव्हां तें टाकाऊ होतें. वाट मात्र मळली कीं चांगली होते. आणि जिच्यावरून कोणी जात नाहीं, ती न वापरतांच मोडते. 'वहिवाट' या एका शब्दांत हक्क आणि चालणें हीं दोन्ही एकत्र बांधून ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांनीं लॉट नदीचें खोरें पाहिलें नव्हतें. परंतु तेथल्या वाटांचें मर्म त्यांनीं अचूक ओळखिलें होतें.

म्हणून माझी श्रोत्यांना एवढीच विनंति आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनीं त्या फ्रेंच खोऱ्यांत अवश्य जावें. ज्यांना तें शक्य नसेल त्यांनीं आपल्या गांवची जी जुनी वाट बुजत चालली असेल, तिच्यावरून येत्या रविवारीं एकदां जाऊन यावें. पायीं जावें, सायकलीवरून जावें, मुलांना बरोबर न्यावें. वाट कोणाच्या नांवावर आहे हें दप्तर सांगतें. ती कोणाची आहे हें पाऊल सांगतें.